‘मॉड्यूल सापडत नाही’ म्हणजे ड्रायव्हर नाही, असं नव्हे

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पुण्यात शुक्रवार पेठेत गाणं शिकवता. तुमच्या गुरुजींच्या तालमीच्या ६३ कॅसेटी घरात आहेत आणि त्या लॅपटॉपवर उतरवून घ्यायच्या आहेत. लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ ही लिनक्स प्रणाली आहे. भाच्यानं नवं कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, टाकून दिलं आणि त्या दिवसापासून आवाज गेला. सेटिंग्जमध्ये फक्त ‘डमी आउटपुट’ दिसतं, म्हणजे खरं साउंड कार्ड सापडलेलं नाही. मग तुम्ही एका जुन्या मार्गदर्शिकेप्रमाणे अल्सा-ड्रायव्हर १.०.२५ (अल्सा म्हणजे लिनक्सची आवाजाची यंत्रणा) उतरवून मेक ही सोर्सपासून बांधणी करणारी आज्ञा चालवली, तर पानभर एरर आल्या. ओळखीच्या एकानं स्वतःच्या मशीनवरची तयार मॉड्यूल फाइल (मॉड्यूल म्हणजे कर्नलमध्ये चढवायचा ड्रायव्हरचा तुकडा) पेनड्राइव्हवर दिली, ती इन्समॉड या आज्ञेनं लोड करायला गेल्यावर ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ आलं. तुमचे प्रश्न दोन: साउंडचं मॉड्यूल नीट कंपाइल करून, म्हणजे सोर्सपासून बांधून, लोड कसं करायचं, आणि ते झाल्यावर हेडफोनच्या जॅकमधून कॅसेट रेकॉर्ड होईल ना. शिवाय हेडसेटचा माइक मशीनला दिसत नाही, असंही शेवटी लिहिलंत.

दोन्हींची उत्तरं देतो. पण तुम्ही पाठवलेल्या आउटपुटमध्ये एक ओळ आहे, तिनं तुमचं निम्मं काम केलेलं आहे. मॉडप्रोब, म्हणजे मॉड्यूल चढवणारी दुसरी आज्ञा, म्हणतोय: ‘मॉड्यूल एसएनडी_एचडीए_इंटेल नॉट फाउंड इन डिरेक्टरी /लिब/मॉड्यूल्स/६.८.०-४०-जेनेरिक’. (आज्ञा आणि नावं मी आपण उच्चारतो तशी लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच ती इंग्रजी अक्षरांत टाइप करायची.) या ओळीचा अर्थ एवढाच, की आत्ता चालू असलेल्या कर्नलच्या फोल्डरमध्ये ती फाइल नाही. तुमच्या साउंड चिपसाठी लिनक्सकडे ड्रायव्हर नाही, असा तिचा अर्थ होत नाही. इंटेलचं हाय डेफिनिशन ऑडिओ २००४ साली आलं आणि त्याचा ड्रायव्हर गेली कित्येक वर्षं कर्नलमध्येच आहे.

मग फाइल गेली कुठे? उबुंटू आपलं कर्नल एका पॅकेजमध्ये देत नाही, तुकड्यांत देतं. लिनक्स-इमेज हा एक तुकडा, लिनक्स-मॉड्यूल्स दुसरा आणि लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा तिसरा. साउंडचे बहुतेक ड्रायव्हर या तिसऱ्या तुकड्यात असतात. सर्व्हरला किंवा क्लाउडवरच्या मशीनला आवाज लागत नाही, म्हणून ही विभागणी. भाच्यानं फक्त लिनक्स-इमेज हे पॅकेज नावानिशी टाकलं असणार. मशीन सुरू होतं, स्क्रीन येते, बाकी सगळं ठीक वाटतं आणि आवाज मात्र नाही. ‘लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२२.०४’ हे मेटा-पॅकेज टाका. ते सगळे तुकडे एकमेकांशी जुळलेले आणतं आणि पुढच्या अपडेटलाही जुळलेलेच आणत राहतं. रीस्टार्ट करा आणि ‘एलएसपीसीआय -एनएनके’ ही हार्डवेअरची यादी दाखवणारी आज्ञा चालवून ऑडिओची नोंद बघा. आत्ता तिच्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ नसेल. मग ती दिसायला लागेल.

माझ्या अंदाजानं तुमचा आवाज इथेच परत येतो, एक अक्षरही कंपाइल न करता.

तरीही कंपाइलचं पूर्ण लिहितो. तुम्ही ते विचारलंय, आणि हेडसेटच्या माइकची जी तक्रार तुम्ही शेवटी जाता जाता केलीत तिथे ते कदाचित लागेलही.

आधी त्या जुन्या मार्गदर्शिकेविषयी. तीत लिहिलेलं खोटं नव्हतं, ते त्या काळाचं होतं. कर्नल २.४ च्या दिवसांत अल्सा कर्नलच्या बाहेर होतं. यारोस्लाव किसेला यांनी १९९८ च्या सुमारास ते सुरू केलं आणि ते वेगळं उतरवून, कर्नलच्या सोर्सशी जोडून, स्वतः बांधावं लागायचं. मी ते केलंय. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून लिनक्स टाकायचं, रात्री मेक लावून झोपायचं आणि सकाळी उठून एरर वाचायच्या. डिसेंबर २००३ मध्ये कर्नल २.६ आलं आणि अल्सा त्याच्या पोटातच आलं. वेगळं अल्सा-ड्रायव्हरचं पॅकेज त्यानंतरही काही वर्षं निघत राहिलं, पण १.०.२५ ही त्याची शेवटची आवृत्ती, २०१२ ची. तेव्हाच्या कर्नलमधली कितीतरी फंक्शनं आज त्याच नावानं, त्याच स्वरूपात उरलेली नाहीत. त्यामुळे ६.८ शी ते कधीच जुळणार नाही. तुमच्या टाइपिंगमध्ये काही चूक नव्हती, ताई. तो फोल्डर पुसून टाका. आणि एक करा: ‘/ईटीसी/मॉडप्रोब.डी’ मध्ये त्या मार्गदर्शिकेप्रमाणे काही ओळी टाकल्या असतील, विशेषतः ‘ऑप्शन्स एसएनडी-एचडीए-इंटेल मॉडेल=जेनेरिक’ अशा, तर त्याही काढा. मॉड्यूल परत आल्यावर त्या ओळी लागू होतील आणि चांगला चालणारा कोडेक (आवाजाची चिप) चुकीच्या नकाशावर चालायला लागेल.

आता पेनड्राइव्हवरच्या फाइलचं. प्रत्येक मॉड्यूलच्या आत ते कोणत्या कर्नलसाठी बांधलंय याचा शिक्का असतो, त्याला व्हरमॅजिक म्हणतात. ‘मॉडइन्फो -एफ व्हरमॅजिक’ (एफ कॅपिटल) आणि पुढे फाइलचं नाव असं दिलं की तो दिसतो. तुमच्या मित्राच्या फाइलमध्ये ‘६.५.०-४५-जेनेरिक एसएमपी प्रीएम्प्ट मॉड_अनलोड मॉडव्हर्शन्स’ असं आहे. तुमचं कर्नल ६.८.०-४०. इन्समॉडनं टर्मिनलवर फक्त ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ एवढंच सांगितलं, पण कर्नलनं स्वतःच्या नोंदवहीत, म्हणजे ‘डीमेसेज’मध्ये, दोन्ही शिक्के शेजारी-शेजारी लिहून ठेवलेत: हा आहे, तो असायला हवा होता. टर्मिनलवरच्या तीन शब्दांवर कधी थांबू नका. लोड करताना काहीही बिनसलं की लगेच डीमेसेजच्या शेवटच्या वीस ओळी वाचायच्या.

जबरदस्तीनं लोड करायचा पर्यायही आहे आणि कुणीतरी तुम्हाला तो सुचवेल. करू नका. कर्नलच्या आतल्या रचना आवृत्तीगणिक बदलतात. त्या स्थिर ठेवायच्या नाहीत हे कर्नलच्या मंडळींनी जाणूनबुजून ठरवलेलं धोरण आहे, त्यामुळे त्यांना जुनं ओझं न वाहता सुधारणा करता येतात. एका रचनेत एक रकाना वाढला की पुढचे सगळे रकाने सरकतात आणि जुनं मॉड्यूल भलत्याच जागी लिहितं. तुम्हाला तुमच्याच भाषेत सांगतो: काळी दोनला लावलेला तानपुरा काळी एकला गाणाऱ्यापुढे ठेवावा, तसं हे. फरक इतकाच, की गाणारा थांबेल आणि कर्नल थांबणार नाही, तो फाइली खराब करेल.

तेव्हा मॉड्यूल बांधायचंच असेल तर ते चालू कर्नलशी जुळवूनच बांधायचं. बाकीच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीसाठी असतात.

‘युनेम -आर’ चालू कर्नलचं नाव सांगतं, ते कागदावर लिहून ठेवा. तंतोतंत त्याच नावाची लिनक्स-हेडर्स (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइली) टाका आणि बिल्ड-एसेन्शियल, म्हणजे कंपायलर वगैरे साधनं. मग ‘/लिब/मॉड्यूल्स’ मधल्या तुमच्या कर्नलच्या फोल्डरात ‘बिल्ड’ नावाची लिंक दिसेल, ती हेडर्सच्या फोल्डरकडे बोट दाखवते. ती लिंक आहे आणि जिथे नेते तिथे खरंच फोल्डर आहे, हे बघून घ्या. मी पाहिलेल्या फसलेल्या कंपाइलपैकी बऱ्याच याच तुटक्या लिंकपाशी फसलेल्या होत्या.

दुसरी जागा कंपायलरची. कर्नल ज्या जीसीसीनं (लिनक्सच्या नेहमीच्या कंपायलरनं) बांधलं, मॉड्यूलही त्याच्याशी जुळणाऱ्यानंच बांधावं लागतं. उबुंटू २२.०४ बरोबर जीसीसी ११ येतं, पण त्यावरचं हे ६.८ चं कर्नल जीसीसी १२ नं बांधलेलं आहे. १२ टाकलेलं नसेल तर ‘जीसीसी-१२ नॉट फाउंड’ असं येतं, किंवा ‘एफट्रिव्हियल-ऑटो-व्हार-इनिट’ हा पर्याय ओळखता येत नाही अशी विचित्र तक्रार येते आणि माणूस सोर्समध्ये चूक शोधत बसतो. ‘/प्रॉक/व्हर्शन’ ही फाइल वाचली की कर्नल कशानं बांधलंय ते कळतं. जीसीसी-१२ टाकून द्या, प्रश्न मिटतो.

तिसरी गोष्ट सोर्स. कर्नलच्या मूळ साइटवरून ६.८ उतरवलं की झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. उबुंटूचं ६.८.०-४० आणि मूळ ६.८ एक नव्हे, उबुंटू त्यावर स्वतःचे पॅच, म्हणजे दुरुस्त्या, घालतं. सॉफ्टवेअर सोर्सेसमध्ये सोर्स कोडची खूण चालू करा आणि ‘ॲप्ट सोर्स’नं तुमच्या चालू कर्नलचाच सोर्स आणा. सगळं कर्नल बांधू नका. तासभर जाईल, पंधरा-वीस जीबी जागा जाईल आणि त्यातून हाती काही लागणार नाही. हेडसेट माइकसाठी लागतो तो ‘साउंड/पीसीआय/एचडीए’ हा एकच फोल्डर. तो तुमच्या होममध्ये कॉपी करा. (६.१७ पासून हा भाग ‘साउंड/एचडीए’खाली हलवून नव्यानं मांडलाय. पुढे कधी वरच्या कर्नलवर गेलात तर तिथे शोधा.)

त्या फोल्डरात रिअलटेक कंपनीच्या कोडेकसाठी ‘पॅच_रिअलटेक.सी’ ही फाइल आहे, हजारो ओळींची. तिच्यात लांबलचक तक्ते आहेत. एकेका ओळीत एकेका लॅपटॉपचा ओळखक्रमांक आणि त्या मॉडेलला लागणारी दुरुस्ती. क्रमांकाचा पहिला भाग कंपनीचा: १०२८ म्हणजे डेल, १०३सी म्हणजे एचपी, १७एए म्हणजे लेनोव्हो. दुसरा भाग मॉडेलचा. हे तक्ते लागतात कारण कोडेक चिपला पाय पुष्कळ असतात आणि कोणत्या पायाला काय जोडलंय हे बायोसनं, म्हणजे मशीन सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रोग्रामनं, सांगायचं असतं. बायोस लिहिणारे हेडसेटच्या माइकचा पाय पुष्कळदा ‘रिकामा’ म्हणून सोडून देतात. मग ड्रायव्हर त्या पायाकडे बघतच नाही आणि माइक आहे हे कुणाला कळतच नाही. तक्त्यातली ओळ ड्रायव्हरला सांगते, की या मॉडेलवर तो पाय रिकामा नाही, तिथे माइक आहे.

पण त्या फाइलला हात लावण्याआधी हीच दुरुस्ती कंपाइल न करता करून बघता येते, आणि माझा आग्रह आहे की आधी तेच करा. ‘/ईटीसी/मॉडप्रोब.डी’ मध्ये एक नवी फाइल करून ‘ऑप्शन्स एसएनडी-एचडीए-इंटेल मॉडेल=डेल-हेडसेट-मल्टी’ अशी ओळ लिहा. नावात डेल आहे म्हणून दचकू नका, ही दुरुस्ती दुसऱ्या कंपन्यांच्या लॅपटॉपवरही चालून जाते. (वर मी ‘मॉडेल=जेनेरिक’ काढायला सांगितलं आणि इथे दुसरं मॉडेल घालायला सांगतोय. पहिलं आंधळेपणानं पेस्ट केलेलं होतं, हे एका ठरावीक पायासाठी आहे आणि नाही चाललं तर लगेच काढायचं आहे.) नाहीतर अल्सा-टूल्स-जीयूआय पॅकेजमधला ‘एचडीएजॅकरीटास्क’ वापरा. त्यात कोडेकचे सगळे पाय चित्रासारखे दिसतात, एकेका पायाला ‘इथे माइक आहे’ असं सांगता येतं आणि ते कायमचं जपूनही ठेवता येतं. तुमच्यासारख्या माणसाला मी दहापैकी नऊ वेळा इथेच थांबायला सांगेन.

दहाव्या वेळी तक्त्यात ओळ घालायची आणि बांधायचं. मेकला दोन गोष्टी सांगायच्या असतात: ‘-सी’ लावून त्या ‘बिल्ड’ लिंकची वाट, आणि ‘एम=’ लावून तुमच्या कॉपी केलेल्या फोल्डरची वाट (दोन्ही अक्षरं कॅपिटल). शेवटी ‘मॉड्यूल्स’ हा शब्द. दोन-तीन मिनिटांत होतं. शेवटी ‘स्किपिंग बीटीएफ जनरेशन’ असं काहीतरी येईल, ती एरर नाही, दुर्लक्ष करा. फोल्डरात ‘एसएनडी-एचडीए-कोडेक-रिअलटेक.केओ’ तयार झालेली दिसेल. लोड करण्याआधी तिचा व्हरमॅजिक बघा आणि कागदावर लिहिलेल्या युनेमशी शब्द न् शब्द ताडून घ्या. जुळला नाही तर पुढे जायचं कारण नाही.

इन्समॉड आणि मॉडप्रोब यांतला फरक इथे महत्त्वाचा. इन्समॉड म्हणजे नुसता हमाल. दिलेली फाइल उचलून कर्नलमध्ये ठेवतो, तिला आणखी काय लागतं ते बघत नाही. साउंडची मॉड्यूलं तर एकमेकांच्या खांद्यावर उभी असतात. सगळ्यात खाली साउंडकोअर, त्यावर एसएनडी, मग एसएनडी_टाइमर आणि एसएनडी_पीसीएम, मग एसएनडी_एचडीए_कोअर, त्यावर एसएनडी_एचडीए_कोडेक, आणि त्याही वर रिअलटेकचं. खालचं एखादं नसलं की इन्समॉड ‘अननोन सिम्बॉल’ म्हणून थांबतो. मॉडप्रोब आधी ‘मॉड्यूल्स.डेप’ ही यादी वाचतो, खालून वर एकेक चढवतो आणि मॉडप्रोब.डीमधले पर्यायही लावतो. ही यादी ‘डेपमॉड -ए’नं तयार होते. म्हणून आपली फाइल ‘/लिब/मॉड्यूल्स’मधल्या आपल्या कर्नलच्या ‘अपडेट्स’ या उपफोल्डरात ठेवायची आणि डेपमॉड चालवायचं. अपडेट्समधल्या फाइलला मूळ फाइलच्या आधी मान मिळतो, त्यामुळे मूळ फाइल पुसायची किंवा तिच्यावर लिहायची गरज नसते. उद्या काही बिघडलं तर अपडेट्समधली काढायची, परत डेपमॉड करायचं, सगळं पूर्ववत. ‘मॉडइन्फो -एन’ आणि मॉड्यूलचं नाव दिलं की यापुढे कोणती फाइल उचलली जाणार तिचा पत्ता मिळतो. तो अपडेट्सचा आहे, एवढी खात्री करून मगच रीस्टार्ट करा.

रीस्टार्ट न करता जुनं मॉड्यूल काढायला गेलात तर ‘मॉड्यूल इज इन यूज’ येईल. २२.०४ वर पल्सऑडिओ हा आवाज सांभाळणारा प्रोग्राम ते धरून बसलेला असतो आणि मारला तरी सॉकेटमधून पुन्हा उठतो. नक्की कुणी धरलंय ते ‘फ्यूजर -व्ही’ला ‘/डेव्ह/एसएनडी’मधल्या फाइली दिल्या की कळतं. रोज हे काम करणाऱ्यानं तो खटाटोप करावा, तुम्ही सरळ रीस्टार्ट करा.

रीस्टार्टनंतरही मॉड्यूल चढलं नाही आणि ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असं आलं, तर कारण सिक्युअर बूट, म्हणजे सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी बायोसमधली सोय. तो चालू असताना उबुंटूचं कर्नल सही नसलेलं मॉड्यूल घेत नाही. ‘मोकयूटिल --एसबी-स्टेट’नं तो चालू आहे का ते कळतं. पुष्कळ जण बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करतात. घरच्या लॅपटॉपवर त्यानं आभाळ कोसळत नाही, पण मी ते सुचवत नाही, कारण स्वतःची किल्ली नोंदवणं तितकंसं अवघड नाही. किल्लीची जोडी करायची, ‘मोकयूटिल --इम्पोर्ट’नं तिची सार्वजनिक बाजू द्यायची, तिथे एक पासवर्ड विचारला जातो. साधा, आकडे-अक्षरांचा ठेवा. नंतर रीस्टार्ट केलं की उबुंटू येण्याआधी निळा पडदा येतो. इथेच लोक चुकतात. तो पडदा जेमतेम दहा सेकंद थांबतो, तोवर एखादी कळ दाबली नाही तर नेहमीसारखं सुरू होतं आणि इम्पोर्टपासून पुन्हा करावं लागतं. कळ दाबा, ‘एनरोल मोक’ निवडा, कंटिन्यू, येस, आणि तो पासवर्ड. कीबोर्ड तिथे अमेरिकन मांडणीचा धरला जातो, म्हणून पासवर्डमध्ये चिन्हं नकोत. मग कर्नलच्या हेडर्सबरोबर आलेल्या ‘साइन-फाइल’नं आपल्या मॉड्यूलवर सही करायची.

आणि डीकेएमएस? अपडेटनं नवं कर्नल आलं की नवा फोल्डर होतो आणि तुमचं मॉड्यूल जुन्याच फोल्डरात राहतं. डीकेएमएस दर नव्या कर्नलसाठी ते आपोआप पुन्हा बांधतं. कर्नलबाहेर वाढणाऱ्या ड्रायव्हरसाठी ते उत्तम आहे. पण तुम्ही कॉपी केलेला फोल्डर हा कर्नलचाच तुकडा आहे. ६.८ चा तुकडा पुढच्या आवृत्तीवर बांधायला लावला तर तो कधी ना कधी मोडणार, आणि तोही नेमका तुम्ही घाईत अपडेट केलेल्या दिवशी. म्हणून एका ओळीच्या दुरुस्तीसाठी मी डीकेएमएस वापरत नाही. मॉडप्रोब.डीमधली ओळ नव्या कर्नलवरही चालत राहते.

अजून एक प्रकार आहे, तुम्हाला लागू नसेलही. नव्या इंटेल लॅपटॉपांत आवाजासाठी स्वतंत्र डीएसपी (आवाजावर काम करणारा छोटा प्रोसेसर) असतो, त्याचे ड्रायव्हर एसओएफ या नावाचे, आणि त्यांना फर्मवेअरची, म्हणजे त्या डीएसपीत चालणाऱ्या प्रोग्रामची, वेगळी फाइल लागते. मॉड्यूल लोड होतं, पण डीमेसेज फर्मवेअर मिळत नाही म्हणून रडतं. डेबियनवर पॅकेजचं नाव फर्मवेअर-एसओएफ-साइन्ड, फेडोरावर अल्सा-एसओएफ-फर्मवेअर. तिथेही कंपाइल करून काही होत नाही.

मॉड्यूल लोड झालेलं आहे आणि तरी आवाज नाही, याबद्दल एक पाहिलेली गोष्ट सांगतो. पावसाळ्यात नारायण पेठेतल्या एका वाड्यात तळमजल्यावरचा डेस्कटॉप बघायला गेलो होतो. आजोबा निवृत्त, रोज सकाळी अभंग लावणारे, आठ दिवस घर मुकं. त्यांच्या नातवानं कर्नल दोनदा बदललं होतं. एलएसमॉडमध्ये, म्हणजे चढलेल्या मॉड्यूलांच्या यादीत, सगळी मॉड्यूलं होती, ‘/प्रॉक/एसाउंड/कार्ड्स’मध्ये कार्ड होतं, एप्ले या आवाज वाजवणाऱ्या आज्ञेला एरर नव्हती, आवाज मात्र शून्य. शेवटी ‘एमिक्सर -सी० कंटेंट्स’ची यादी वरपासून वाचत गेलो, तर ‘फ्रंट हेडफोन जॅक’पुढे ‘ऑन’. जॅकमध्ये तर काहीच नव्हतं. भिंतीला ओल, कॅबिनेट भिंतीला टेकलेलं, पुढच्या जॅकच्या पितळी पट्टीवर हिरवट थर. पट्टी चिकटून राहिली होती आणि मशीनला वाटत होतं हेडफोन लावलाय, म्हणून ऑटो-म्यूट स्पीकर बंद ठेवत होता. हेडफोनची पिन दहा-बारा वेळा आत-बाहेर केली, आणि स्पीकर सुरू झाले. नंतर अल्सामिक्सरमध्ये ऑटो-म्यूट बंद करून दिला. तेव्हापासून मॉड्यूल दिसत असेल तर मी आधी अल्सामिक्सर उघडतो, एफ६ नं खरं कार्ड निवडतो आणि कुठल्या पट्टीखाली ‘एमएम’, म्हणजे म्यूट, आहे ते बघतो. एम दाबलं की तो निघतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा. हेडफोनच्या जॅकमधून कॅसेट चांगली रेकॉर्ड होणार नाही. मॉड्यूल कितीही अचूक बांधलं तरी नाही. लॅपटॉपचा तो एकच जॅक चार पट्ट्यांचा असतो: दोन कानांच्या, एक ग्राउंडची, एक माइकची. म्हणजे आत यायची वाट एकच, मोनो. शिवाय ती माइकच्या क्षीण आवाजासाठी केलेली आहे आणि तुमच्या कॅसेट डेकच्या लाइन-आउटमधून येणारा आवाज त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. गुरुजींची तान तिथे चिरकेल आणि ती नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरनं दुरुस्त होत नाही.

तुम्हाला हवा आहे लाइन-इन असलेला, दोन चॅनलचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस. ‘क्लास कम्प्लायंट’, म्हणजे कंपनीचा वेगळा ड्रायव्हर न लागणारा, असेल असा घ्या. त्याला एसएनडी_यूएसबी_ऑडिओ हे मॉड्यूल लागतं, ते त्याच एक्स्ट्राच्या पॅकेजात येतं आणि प्लग लावल्याबरोबर आपोआप चढतं. तपकीर गल्लीत किंवा पासोड्या विठोबाच्या बाजूच्या दुकानांत फिरलात तर स्वस्तातले यूएसबी साउंड डोंगल पुष्कळ मिळतील. ऐकायला ते ठीक असतात, पण बहुतेकांची आत येणारी बाजू पुन्हा मोनो माइकचीच असते. लॅपटॉप बरोबर न्या. दुकानातच लावून ‘/प्रॉक/एसाउंड/कार्ड१/स्ट्रीम०’ ही फाइल कॅटनं वाचा. तिच्यात वर ‘प्लेबॅक’ आणि खाली ‘कॅप्चर’ असे दोन भाग दिसतील. कॅप्चरच्या खाली ‘चॅनल्स: १’ असेल तर वस्तू परत ठेवा, २ असेल तर पुढे बोला. डेकपासून इंटरफेसपर्यंतची आरसीए केबलही तिथेच मिळेल, ती मात्र लांब घेऊ नका.

रेकॉर्ड करताना कार्डाचा आकडा न देता नाव द्या. आज जे कार्ड १ आहे ते उद्या ० होऊ शकतं आणि मग तासभर लॅपटॉपच्या माइकनं पंख्याचा आवाज रेकॉर्ड होतो. ‘एरेकॉर्ड -एल’ नाव सांगतं. सीडीच्या दर्जाला, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, दोन चॅनल, मिनिटाला साधारण १० एमबी लागतात. साठ मिनिटांची कॅसेट सव्वासहाशे एमबी, तुमच्या ६३ मिळून ४० जीबी. जागा आहे ना ते आधी बघा, आणि तेवढीच जागा दुसऱ्या डिस्कवरही ठेवा. लेव्हल लावताना कॅसेटमधला सगळ्यात चढा भाग, द्रुतातली तार षड्जाची तान, शोधून तो लावा आणि मीटरवर ती शून्याच्या खाली सहा ते दहा डीबी राहील इतकं ठेवा. डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसूनच सुरुवात करा, कारण इतक्या वर्षांच्या फितीचा भुगा दर दोन-तीन कॅसेटींनी हेडवर बसतो.

कॅसेटींचं काम पूर्ण होईपर्यंत कर्नलचं अपडेट थांबवून ठेवा: ‘ॲप्ट-मार्क होल्ड’ आणि पुढे त्या मेटा-पॅकेजचं नाव. संपलं की ‘अनहोल्ड’ करायला विसरू नका, त्यातूनच सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात. मेटा-पॅकेज टाकून रीस्टार्ट केल्यावरही डमी आउटपुटच राहिलं, तर एलएसपीसीआयमधला ऑडिओचा भाग आणि डीमेसेजमधल्या ‘एसएनडी’ किंवा ‘एसओएफ’ असलेल्या ओळी इथे चिकटवा, त्या बघून पुढचं सांगतो.